पश्मीनाची शेळी सिन्नरला जगेल का? आणि लोकर जातीवर असते की खुराकावर?

सिन्नरचा_शेळीवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझ्याकडे ३८ शेळ्या आहेत, बहुतेक संगमनेरी, सात-आठ उस्मानाबादी आणि दोन बोकड. अर्धबंदिस्त करतो, सकाळी चरायला सोडतो, संध्याकाळी लसूणघास, मक्याचा भरडा आणि परवडेल तशी शेंगदाणा पेंड. बकरी ईदच्या आधी दोन पैसे सुटतात, बाकी वर्षभर रेटारेटी.

तर झालं असं की ओळखीतल्या एकाने एका फार्मवाल्याची गाठ घालून दिली, नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. त्याच्याकडे म्हणे पश्मीनाच्या शेळ्या आहेत. पाट (तरुण मादी) ३५ हजार, बोकड ६० हजार. म्हणतो एका शेळीपासून वर्षाला किलोभर पश्मीना निघतो, तो हजारोंनी जातो, वर करडं फुकट. मी म्हटलं अहो ही तर लडाखची, बर्फातली शेळी, आपल्या उन्हात तिचं कसं व्हायचं, तर म्हणाला थंडीबिंडी काही नसतं, लोकर सगळी खुराकावर असते, आमचं मिनरल मिक्श्चर आणि प्रोटीनचं पाकीट चालू ठेवा, उन्हाळ्यात शेडला कूलर लावा बास. कूलर म्हटल्यावर बायको हसायला लागली, आमच्या घरात अजून पंख्यावर भागतंय.

पण व्हिडिओ बघून मन चलबिचल झालंय हे खरं. तर कोणी जाणकाराने सांगा, ही लोकर नक्की कशावर असते, जातीवर, खुराकावर की थंडीवर? आणि एक किलोचं गणित खरं का? चार पाटी आणि एक बोकड म्हणजे दोन लाख होतात, माझ्यासाठी लहान रक्कम नाही.

बांधावरचा_बंड्या

राव थंडी पाहिजे थंडी. शेळीला काय हौस आलीय का सिन्नरच्या उन्हात स्वेटर घालायची. कूलरने नाय भागणार, थेट कोल्ड स्टोरेज बांधा, द्राक्षं पण ठेवता येतील 😄

डॉ_गोठा

दादा, आधी एक सांगते, टोकन वगैरे काही देऊ नका अजून.

मी पशुवैद्यक आहे, शिक्षण परभणीला झालं आणि नंतर एका प्रकल्पावर साधारण दोन वर्षं लेहला होते, चांगथांगात, म्हणजे लडाखच्या पूर्वेकडच्या उंच पठारावर, पुष्कळ फिरणं झालं. त्यामुळे थोडं लांबण लावून लिहिते, चहा घेऊन बसा.

शेळीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर राठ, लांब, वारा-पाऊस अडवणारा. त्याच्या खाली मऊ लव. पश्मीना म्हणजे फक्त ती खालची लव, वरचे केस नाहीत. दोन्हींची मुळंही वेगळी, राठ केस येतात प्रायमरी फॉलिकलमधून आणि लव येते सेकंडरी फॉलिकलमधून. चांगथांगी, म्हणजे तिकडच्या पश्मीनावाल्या, शेळीच्या कातडीत या सेकंडरी मुळांची दाटी असते आणि त्यातून येणारी लव १२ ते १४ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी बारीक. हे झालं जातीचं काम. कुठलंही पाकीट खाऊ घालून संगमनेरीच्या अंगावर ती दाटी येणार नाही.

आता थंडी. बंड्याभाऊंनी लिहिलंय ते सगळ्यांनाच वाटतं, मलाही तिकडे जायच्या आधी वाटायचं. पण लव उगवायचा इशारा थंडीकडून येत नाही, तो येतो दिवसाच्या लांबीकडून. जूनच्या शेवटी दिवस लहान व्हायला लागला की मेंदूत रात्रीचं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक जास्त वेळ स्रवतं आणि सेकंडरी मुळं जागी होतात, लव वाढत राहते ती डिसेंबरच्या शेवटापर्यंत, मग वाढ थांबते आणि वसंतात ती सुटून येते. म्हणजे बघा, सुरुवात होते ऐन उन्हाळ्यात आणि खरी कडक थंडी पडते तेव्हा स्वेटर विणून तयार असतो. चीनच्या इनर मंगोलियात तर उन्हाळ्यात शेळ्यांना दिवसाचा काही भाग अंधाऱ्या शेडमधे कोंडून ठेवतात, दिवस लहान झाला असं त्यांना वाटतं आणि लव जास्त येते, आणि हे प्रयोग झालेले आहेत, वावड्या नाहीत. आणि ऑस्ट्रेलियात रानटी झालेल्या शेळ्यांच्या अंगावर १९७० च्या दशकात कॅशमिअर, म्हणजे अशीच खालची मऊ लव, सापडलं, तिथे कुठला आलाय लडाखसारखा बर्फ.

मग फार्मवाला खरंच बोलतोय, थंडीचं काही नसतं? अर्धंच खरं. लेहला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यात साधारण साडेचार तासांचा फरक पडतो. सिन्नरला जेमतेम सव्वादोन तास. इशाराच मिणमिणता. शिवाय एवढी लव पिढ्यानपिढ्या टिकली ती थंडीने केलेल्या निवडीमुळे, जिच्या अंगावर कमी होती ती उणे तीसमधे मेली, तिचा वंश वाढला नाही. थंडी दर वर्षी लोकर उगवत नाही, पण जात तिनेच घडवलीय.

एक किलोबद्दल आत्ता एवढंच, चांगथांगात एका शेळीमागे विंचरून निघणारा कच्चा माल साधारण पाव किलो. तो साफ केला, राठ केस, कोंडा, माती काढली की निम्म्याच्या आसपास उरतो, पुष्कळदा त्याहून कमी. कच्च्या मालाला गेल्या काही वर्षांत किलोला साधारण तीन-चार हजारांच्या घरात भाव मिळालाय. करा हिशोब, शेळीमागे वर्षाला हजार रुपये धरा, तेही लडाखात जिथे विकत घेणारे दारात येतात. सिन्नरला पाव किलो पश्मीना घेऊन तुम्ही कुणाकडे जाणार?

सिन्नरचा_शेळीवाला

बापरे मॅडम, आभारी आहे, दोनदा वाचलं. पण एक शंका राहिली. खुराकाने काहीच फरक पडत नाही असं कसं? आमच्या शेळ्यांना चार महिने पेंड बंद केली की अंगावरचा केस लगेच खरबरीत दिसतो, चमक जाते. मग चांगला खुराक दिला तर पाव किलोचा अर्धा किलो का होणार नाही? तो फार्मवाला सल्फर सल्फर करत होता, लोकरीत सल्फर असतं म्हणे.

फौजी_खटाव

जय हिंद. मॅडमनी बरोबर लिहिलंय. मी शास्त्रातला माणूस नाही पण डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. आमची पोस्टिंग लडाखात न्योमा साईडला होती, साडेतेरा-चौदा हजार फूट, झाड म्हणून दिसायचं नाही कुठं. तिथले चांगपा लोक म्हणजे आपल्या धनगरांसारखेच बघा, बिऱ्हाड घेऊन फिरणारे, याकच्या केसांचा काळा तंबू, त्याला रेबो म्हणतात. शेळ्या, मेंढ्या, याक सगळं एकत्र. मी माणदेशाच्या कडेचा, मेंढरं बघत वाढलो, त्यामुळे माझं त्यांच्याशी जमायचं, भाषा येत नव्हती तरी. जुले म्हटलं की चहा हजर, तो पण मीठ-लोण्याचा, पहिल्यांदा पिताना तोंड कसं केलं होतं ते मलाच माहीत.

लोकर ते कातरत नाहीत, विंचरतात. मे-जूनला लव सुटायला लागली की शेळीचे पाय बांधून आडवी पाडायची आणि वाकड्या दातांच्या लोखंडी फणीनं ओढत राहायचं, एका शेळीला बराच वेळ लागतो, घाई केली की कातडी सोलते. हातात घेतली तर वजनच लागत नाही, धूर धरल्यागत.

पण मला सांगायचंय ते २०१२-१३ च्या हिवाळ्याचं. त्या वर्षी बर्फ इतका पडला की गवत सगळं खाली गाडलं गेलं. एरवी तिथं थंडी लई पण बर्फ कमी पडतो, वारा तो उडवून लावतो, जनावर खुरानं उकरून वाळलेलं गवत खातं. त्या साली उकरता येईना. हजारोंनी शेळ्या मेल्या त्या पट्ट्यात, करडं जास्त, कारण विण्याचा हंगाम नेमका तोच, फेब्रुवारी-मार्च. एक म्हातारी करडाला स्वतःच्या कोटात घालून बसलेली अजून डोळ्यासमोर आहे. ज्या शेळ्या वाचल्या त्यांच्या अंगावर लोकर होती की भरपूर, पोटात काय नव्हतं. लोकर असून भूक मारते हे तिथं बघितलं.

डॉ_गोठा

फौजी काका, तुम्ही फेब्रुवारी-मार्च म्हणालात ना, माझं पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

सिन्नरकर दादा, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त प्रमाण बघा. समजा एका शेळीने सहा महिन्यांत १२० ग्रॅम साफ लव उगवली. १८० दिवसांनी भागा, दिवसाला एक ग्रॅमही येत नाही. एवढ्यासाठी किती प्रथिन लागणार? चिमूटभर. पोटभर चरणाऱ्या शेळीला ते असंच मिळतं, आणि शरीर लवेला आधी वाटा देतं, ती जगण्याची गोष्ट आहे ना. म्हणून वरून ओतलेला खुराक मांसावर-चरबीवर जातो, लवेच्या वजनात फार दिसत नाही. याउलट अंगोरा शेळी घ्या, तिच्या लोकरीला मोहेर म्हणतात, ती वर्षाला चार-पाच किलो, ती बारा महिने वाढते, तिला खुराक वाढवला की लगेच वजन वाढतं. मला वाटतं फार्मवाल्याने तिकडचं वाचून इकडे चिकटवलंय.

सल्फरचं म्हणाल तर केस म्हणजे केराटिन आणि त्यात सिस्टीन नावाचं गंधकवालं अमिनो आम्ल भरपूर असतं हे खरं आहे. तांबं, जस्त कमी पडलं तरी केस बिघडतो हेही खरं. पण कमतरता असेल तर ती भरून काढणं वेगळं आणि ती नसताना पाकीट ओतून दुप्पट मागणं वेगळं. तांबं तर उगाच जास्त झालं तर विषारी, शेळीपेक्षा मेंढीला फार लवकर बाधतं, एकाच गव्हाणीत दोन्ही असतील तर सांभाळा.

आणि गंमत अशी की लव वाढायच्या दिवसांत चांगलं खायला मिळालं तर धागा थोडा लांब होतो पण थोडा जाडही होतो. उपाशी शेळीची लव बारीक येते. लेहला मला एका व्यापाऱ्याने हसत सांगितलं होतं की वाईट वर्षाचा माल हाताला जास्त मऊ लागतो. ऐकून पोटात कसंतरी झालं. अर्थात तो माल कमी निघतो आणि ताकदीला कच्चा असतो, ताणला की तुटतो, सूत काढताना त्रास देतो.

मग खुराक कुठे कामाला येतो? पोटातल्या करडासाठी. हे कुठल्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं. लवेची ती सेकंडरी मुळं आयुष्यात एकदाच घडतात. गाभण काळाच्या दुसऱ्या निम्म्यात कातडीत त्यांची पेरणी होते आणि जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत ती पक्व होतात, बास, पुढे नवीन मूळ तयार होत नाही. त्या काळात आई उपाशी राहिली, नंतर दूध कमी पडलं, की करडाची मुळं कमी राहतात आणि ती शेळी मरेपर्यंत कमीच लव देते, नंतर तिला बदाम घाला नाहीतर काजू.

आता चांगथांगाचं कॅलेंडर लावून बघा. माजावर येतात सप्टेंबर ते नोव्हेंबर, पाच महिन्यांनी फेब्रुवारी ते एप्रिलमधे विणं. म्हणजे पोटात मुळं पेरली जायची वेळ नेमकी डिसेंबर ते मार्च, जेव्हा बाहेर वाळक्या काड्यांशिवाय काही नाही. आईच्या अंगावरची यंदाची लव तर डिसेंबरमधेच वाढून झालेली असते, हिवाळ्यातली भूक तिला फार बाधत नाही. ती बाधते पुढच्या पिढीच्या लवेला. म्हणून तिथे खर्च करायचा तर तो गाभण शेळ्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या चाऱ्यावर, असं माझं ठाम मत झालंय. वाळवलेला लसूणघास, सातू, थोडं गोळी खाद्य, हेच. शांपू-टॉनिकवर नाही.

सूत_इचलकरंजी

मी यार्नच्या लाईनमधे आहे, कॉटनच जास्त, पण लोकरीच्या मालाचीही चार वर्षं टेस्टिंग केलीय म्हणून बोलतो. शेतकरी वजन बोलतो आणि गिरणी मायक्रॉन, लांबी आणि राठ केसाचं प्रमाण बोलते, भाव सगळा तिथे ठरतो. अमेरिकेचा कायदा म्हणतो कॅशमिअर लेबल लावायचं तर सरासरी जाडी १९ मायक्रॉनच्या वर नको आणि ३० मायक्रॉनच्या वरचा राठ केस वजनाने ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्याकडे बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, २०१९ साली पश्मीना ओळखण्याचं आणि लेबल लावण्याचं स्टँडर्ड काढलंय. काश्मीर पश्मीनाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २००८ मधे मिळाला, लडाख पश्मीनाला २०२३ मधे.

राठ केस काढणं हे सगळ्यात किचकट काम. हाताने बायका काढतात, किंवा मशीनवर. लेहला प्लांट आहे. मशीनवर वेग येतो पण धागा तुटून लांबी कमी होते, आणि १३ मायक्रॉनचा आखूड धागा गिरणीत कातताना टिकत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याच्यात नायलॉन घालून कातायचं, विणून झाल्यावर नायलॉन आम्लात विरघळवून टाकायचा असा उद्योग चालतो. त्याने पश्मीना पण थोडा मार खातोच. म्हणून काश्मिरात चरख्यावर कातलेल्याची बातच वेगळी.

आणि ते प्रदर्शनात ५०० रुपयाला पश्मीना शाल मिळते ना, ठाणे-दादर साईडला दर दिवाळीला, ती व्हिस्कोस नाहीतर ॲक्रिलिक असते हो. अंगठीतून शाल जाते हे पण दाखवतात, व्हिस्कोसची पण जाते. जाळून बघितलं तर केसासारखा वास आला म्हणजे एवढंच कळतं की प्राण्याची लोकर आहे, मेंढीची का शेळीची ते नाही कळत. त्याला मायक्रोस्कोपच लागतो. कॅशमिअरच्या धाग्यावरचे खवले लांब लांब अंतरावर आणि पातळ असतात, मेंढीच्या लोकरीचे दाट आणि उचललेले.

सिन्नरकर साहेब, त्या फार्मवरून चिमूटभर नमुना आणा आणि मला पाठवा, आमच्या इथे लॅबमधे जाडी मोजून सांगतो, पैसे नकोत. बरगडीच्या मधोमध जागेवरचा घ्या, मानेचा किंवा मांडीचा नको, तिथे जाडी वेगळी येते.

आटपाडीचा_मेंढका

इथं मायक्रॉन मायक्रॉन चाललंय, आमच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीला कातरणाऱ्याची मजुरी पण निघत नाही, ते कोणी विचारत नाय. घोंगडी विणणारे हातावर मोजण्याएवढे राहिले. कातरलेली लोकर बांधावर टाकून देतो आम्ही कधी कधी. डॉक्टर ताई, आमच्या मेंढीची लोकर बारीक करता येईल का, जीन का काय ते बदलून? फलटणला जुळी देणारी मेंढी केली म्हणतात तसं.

डॉ_गोठा

मेंढके भाऊ, फलटणचं उदाहरण तुम्ही चांगलं काढलंत, त्यावरूनच सांगते. निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीतला फेकबी नावाचा जीन आपल्या दख्खनीत आणला आणि सुवर्णा मेंढी केली. तिथे सोपं हे होतं की एकच जीन, त्याची रक्ततपासणी करता येते, असला की जुळं, नसला की बहुधा एकच. लोकरीची जाडी तशी नाही. ती ठरवणारे जीन पुष्कळ, प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा. म्हणून निवड पिढ्यानपिढ्या करावी लागते, मोजमाप ठेवून.

जाडी आणि वजन दोन्ही बऱ्यापैकी आनुवंशिक आहेत, म्हणजे चांगला बोकड लावला तर पिल्लात उतरतं. पण दोन्ही एकमेकांना बांधलेले. वजनाच्या मागे लागलात की जाडी आपोआप वाढते. याचा मोठा धडा चीनच्या लिआओनिंग जातीत आहे. त्यांनी वजनावर निवड केली, त्यांचे पैदाशीचे बोकड वर्षाला किलोच्या वर लव देतात. दादा, तुमच्या फार्मवाल्याचा एक किलो बहुतेक तिथून आलाय! पण ती लव १५ ते १७ मायक्रॉनची, चांगथांगीच्या १२-१४ च्या शेजारी ठेवली तर हाताला फरक कळतो, भावातही. आपल्या शेळीची पाव किलो हीच तिची किंमत आहे खरं तर. उत्पादन वाढवा म्हणून तिकडचा बोकड आणून लावला तर वजन येईल आणि नाव जाईल. मी तरी त्याच्या विरोधात आहे, तिथल्या काही अधिकाऱ्यांशी माझं यावरून जमलं नाही, असो.

जीन बदलण्याचंही झालंय. एफजीएफ५ म्हणून एक जीन आहे, केसाची वाढ थांबवायचा ब्रेकच समजा. काही लांब केसांच्या मांजरांत आणि कुत्र्यांत तो नैसर्गिकच बिघडलेला असतो. चीनमधे शानबेई जातीच्या कॅशमिअर शेळ्यांत क्रिस्परने (जीनमधे काटछाट करायचं तंत्र) तो बंद केला, २०१५ मधे त्याचं प्रसिद्ध झालं, पुढे त्या शेळ्यांची लव लांब आणि मुळं जास्त आढळली. आणि आपल्याकडे नूरी आठवते का? शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात ९ मार्च २०१२ ला जन्मलेली पश्मीना शेळीची क्लोन, पेपरात फोटो आला होता सगळीकडे. २०२३ मधे गेली ती. पण क्लोनने काय होतं, चांगल्या शेळीची नक्कल मिळते, कळप सुधारत नाही. कळप सुधारतो तो बोकडांच्या नोंदी ठेवून आणि एकाच घरातले बोकड एकाच कळपात वर्षानुवर्षं न फिरवता. तिथे भटक्या कळपात नोंद ठेवायची तर कानातल्या बिल्ल्यापासून सुरुवात, आणि बिल्ला काटेरी झुडपात अडकून कान फाटतो, मग पुढच्या वर्षी ही कोण आणि ती कोण. माझे दोन हिवाळे यातच गेले.

तुमच्या दख्खनीचं वेगळं आहे, ती मांसाची आणि चालण्याची मेंढी, तिच्या राठ लोकरीने पावसात भिजूनही ती टिकते. बारीक करायला जाल तर ते घालवाल.

दादा, तुम्हाला एक सोपी परीक्षा. आत्ता जानेवारी सुरू आहे. मी वर लिहिलं तसं लव डिसेंबरअखेर पूर्ण वाढलेली असते. म्हणजे आत्ताच्या आत्ता त्या शेळीच्या अंगावर ती असायलाच हवी. जा, बरगडीवरचे राठ केस दोन्ही अंगठ्यांनी बाजूला फाकवा आणि कातडीजवळ बघा. आणि पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस, जंताचं औषध कधी दिलं तेही विचारा, बाहेरून आलेल्या कोरड्या हवेतल्या जनावराला आपल्या पावसाळ्यातले जंत आणि गोचीड पहिल्याच वर्षी लोळवतात.

सिन्नरचा_शेळीवाला

मंडळी, काल रविवारी जाऊन आलो. बरोबर मेहुण्याला घेतलं, तो बोलायला खमक्या आहे. खिशात बायकोने बारीक फणी दिलेली.

शेळ्या दिसायला एक नंबर, पांढऱ्याशुभ्र, लांब चमकदार केस, कुरळ्या बटा पार गुडघ्यापर्यंत. मी म्हटलं जरा हात लावून बघू का, तर लगेच म्हणाला लोकर आत्ता नसते, ती उन्हाळ्यात येते. मेहुणा म्हणाला उन्हाळ्यात सुटते का येते? तर गडबडला, म्हणाला तेच ते. तेवढ्यात मी एकीला धरून केस फाकवले. खाली काही नाही. नुसती गुलाबी कातडी. फणी फिरवली तर लांब केसच हातात आले, लव म्हणून कापसाएवढी नाही. लसीचं विचारलं तर कागद घरी आहेत म्हणाला.

तीन शेळ्यांचे नमुने घेतले, बरगडीवरचेच, प्लास्टिकच्या पिशवीत वेगवेगळे घालून इचलकरंजीला आजच कुरिअर केलेत. टोकन दिलं नाही. परत येताना मेहुणा दिवसभर माझ्याकडे बघून हसत होता, त्याचं काही नाही.

डॉ_गोठा

कुरळ्या चमकदार बटा आणि खाली लव नाही, म्हणजे अंगोराचं रक्त असणार. आपल्याकडे राहुरीला पूर्वी संगमनेरी आणि अंगोराच्या संकराचे प्रयोग झालेत मोहेरसाठी, त्यामुळे महाराष्ट्रात ही गोष्ट अगदीच नवीन नाही. शेळी वाईट नसेल हो, पण ती पश्मीना नव्हे. मोहेर वेगळा, कॅशमिअर वेगळं, आणि अंगोरा लोकर म्हणतात ती तर सशाची, तिचा आणि अंगोरा शेळीचा काही संबंध नाही. या नावांच्या घोळातच असले धंदे चालतात.

सूत_इचलकरंजी

नमुने मिळाले, बघितले. तिन्हींची सरासरी जाडी ३० मायक्रॉनच्या वर, एक तर ३४. बारीक धागा एकातही नाही. अंगोराच वाटतोय, आणि तोही भेसळीचा, कारण मधूनच पोकळ राठ केस दिसतायत. पश्मीनाच्या जवळपास सुद्धा नाही. फोटो मेसेजमधे टाकलेत.

सिन्नरचा_शेळीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन लाख वाचले. फौजी काका, तुमच्या त्या म्हातारीचं बायकोला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही.

मॅडम, आता शेवटचं एक विचारतो. तुम्ही पोटातल्या करडाचं लिहिलंत तेव्हापासून डोक्यात घोळतंय. माझ्या अकरा शेळ्या मार्चमधे विणार आहेत, आणि मी दर वर्षी गाभण शेळीला वेगळं असं काही देत नाही, उलट भाव पडलेले असतात म्हणून याच दिवसांत पेंड कमी करतो. लोकर नाही, पण वजनाचं, दुधाचं पण असंच असतं का? किती द्यावं?

डॉ_गोठा

असतंच. जन्माचं वजन, आईचं दूध, करडांची मर, सगळं शेवटच्या दोन महिन्यांत अडकलेलं. पेंड कमी करायचीच असेल तर इतर वेळी करा. गाभण शेळीला आत्तापासून भरडा आणि पेंड मिळून रोज २५० ते ३०० ग्रॅम, एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या, लसूणघास चालू असू दे. पोटात दोन-तीन असतील अशी शंका असली तर तिला थोडं जास्त. विण्याच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची लस राहिली असेल तर तुमच्या इथल्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि करडांची जन्माची वजनं लिहून ठेवा, साधा तागडीचा काटा चालेल. एप्रिलमधे इथे टाका, बघू.